श्वास मोजा, मग औषध द्या

संभाजीनगरहून बीडकडे निघालं की धुळे–सोलापूर महामार्गावर पाचोड लागतं. पैठण तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. मोसंबीचा मोठा बाजार, आजूबाजूला कापूस आणि तूर. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, मेडिकल आहेत, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहेच. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात अँटिबायोटिक तीन वाटांनी घरात येतं: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यावरून आणि मागच्या दुखण्यातून उरलेल्या पाकिटातून. चौथी वाट शेताची आणि गोठ्याची. तिच्याकडे पुढे येऊच.

सुरक्षित वापराबद्दल आपल्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं गेलं: कोर्स पूर्ण करा. वाक्य वाईट नाही, पण गोळी सुरू करण्याचा निर्णय बरोबरच होता, असं ते धरून चालतं. खरी गोची तिथेच आहे. साध्या सर्दीला सुरू केलेला कोर्स इमानेइतबारे पूर्ण केला, तर नुकसानही पूर्णच होतं. शिवाय या वाक्यामुळे सगळी जबाबदारी पेशंटच्या गळ्यात पडते आणि चिठ्ठी लिहिणारा, औषध विकणारा, फवारणी सांगणारा हे सगळे नामानिराळे राहतात.

आपल्या ओळखीचं अमॉक्सिसिलिनच घेऊ. पेनिसिलिनच्या घराण्यातलं हे औषध 1972 साली इंग्लंडमध्ये बाजारात आलं आणि आज जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी एक आहे. जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत हे औषध नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला ते फारसं बाधत नाही. पण विषाणूलाही ती भिंत नसते. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, बहुतेक घसादुखी आणि लहान मुलांचे बहुतेक जुलाब यांत ते घेतलं काय आणि न घेतलं काय, आजाराला फरक पडत नाही. फरक पडतो तो पोटातल्या उपयोगी जिवाणूंना. ते मरतात आणि जे औषधाला दाद देत नाहीत ते मागे उरतात. पुढच्या खऱ्या आजारात गाठ त्यांच्याशी पडते.

मग कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं कसं? शहरात रक्त तपासता येतं, एक्स-रे काढता येतो. गावात रात्री अकरा वाजता लेकरू धापा टाकतंय तेव्हा काय करायचं? या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर महाराष्ट्रातूनच आलं, तेही पुण्या-मुंबईतून नव्हे, गडचिरोलीतून.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंची कारणं शोधताना न्यूमोनिया वर आला. दवाखाना लांब, रस्ता नाही, आणि न्यूमोनियात तर एकेक तास मोलाचा. तेव्हा औषध गावातच हवं, आणि ते देणारं माणूसही गावातलंच हवं. त्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना, गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना शिकवलं. सुईणींपैकी बहुतेकींना अंक मोजता येत नव्हते. म्हणून एक साधं उपकरण केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचं पोट दहा वेळा वरखाली झालं की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, कारण इतकी लहान बाळं मुळातच भराभर श्वास घेतात.

या प्रयोगाचे निकाल 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावपातळीवर को-ट्रायमॉक्साझोल देऊन उपचार केलेल्या 612 न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. जिथे हा उपक्रम नव्हता त्या गावांत ते 13.5 टक्के. पुढे 39 गावांत घरपोच नवजात बालसेवा सुरू झाली. जंतुदोष झालेल्या नवजात बाळांना गावातल्या प्रशिक्षित बाया घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल देऊ लागल्या. अशा बाळांतला मृत्यूदर 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आला. हा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. अडाणी बाईच्या हातात सुई दिली म्हणून टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत डॉक्टर पुढे होते.

या प्रयोगाची गोष्ट सांगताना वाचलेल्या बाळांचा आकडा सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण अँटिबायोटिकच्या प्रश्नापुरतं पाहिलं तर त्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. खोकणारं प्रत्येक मूल औषधाचं धनी नव्हतं. लाल मण्याच्या आत वाळू संपली तर अँटिबायोटिक नाही. सुईणीच्या हातात औषध होतं तसा ते न देण्याचा नियमही होता. पदवी, काचेचं दार, वातानुकूलित खोली यांतलं काहीही नसताना तिने जे केलं ते पुष्कळ दवाखान्यांत होत नाही: आधी मोजलं, मग ठरवलं.

आज हाच नियम सरकारी पुस्तकात आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असेल तर श्वास वाढलेला समजायचा. मूल शांत असताना किंवा झोपेत, पण अंगावर पीत नसताना, अंगातलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. रडताना मोजलेला आकडा कामाचा नाही. छातीच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, आपल्याकडे म्हणतात तसं 'पोट उडत' असेल, बाळ पीत नसेल, झटके आले असतील, तर मोजत न बसता थेट रुग्णालय. को-ट्रायमॉक्साझोलचा प्रभाव मधल्या काळात ओसरला. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या सूचनांत न्यूमोनियासाठी पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी पुढे आणली. 2019 साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'सांस' मोहिमेत आशाताईंना अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवण्याची मुभा मिळाली. पाचोड परिसरातल्या एखाद्या वस्तीवर रात्री लेकराला धाप लागली, तर आशाताईचा नंबर फोनमध्ये असणं हे घरात उरलेल्या सिरपपेक्षा कितीतरी कामाचं आहे.

आता याच्या उलट टोक. 2022 साली 'लॅन्सेट'च्या दक्षिण-पूर्व आशियाच्या आवृत्तीत भारतातल्या खासगी बाजारातल्या अँटिबायोटिकांचा 2019 सालचा हिशेब आला. सर्वाधिक खपाचं औषध होतं अझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी, एकूण वापराच्या 7.6 टक्के, त्याखालोखाल सेफिक्झिम 200, 6.5 टक्के. जवळपास निम्मा वापर केंद्रीय औषध नियंत्रकाची मान्यता नसलेल्या औषधमिश्रणांचा किंवा मात्रांचा होता. दरडोई खप इतर अनेक देशांपेक्षा कमीच, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे आपण फार खातो असं सरसकट म्हणता येत नाही. आपण चुकीचं औषध, चुकीच्या जागी खातो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या गटात. आपल्या बाजारात जपून वापरायच्या गोळ्याच अव्वल आहेत. का? एक कारण सोय. अझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा, तीन दिवस, काम संपलं. दुसरं कारण 'पावर'. साधी गोळी दिली तर गुण येणार नाही, पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही डॉक्टरची धास्ती. आणि 'जरा पावरचं लिहा' ही पेशंटची मागणी. सर्दी-खोकल्याचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपसूक उतरतो आणि श्रेय तिसऱ्या गोळीला जातं.

मराठवाड्यात पावसाळ्यानंतर याचं सगळ्यात ठळक रूप दिसतं ते 'टायफॉईड निघाला' या निदानात. ताप आला, लॅबमध्ये रक्त दिलं, विडाल पॉझिटिव्ह, लागलीच सलाईन आणि इंजेक्शनं. विडाल चाचणी 1896 सालची. ती टायफॉईडचा जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. आधी कधी होऊन गेलेला टायफॉईड, घेतलेली लस, अगदी दुसराच ताप यांनीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. जिथे हा आजार कायमचा वस्तीला आहे तिथे एका चाचणीवरून काही ठरवू नये, असं पाठ्यपुस्तकं कधीपासून सांगतात. खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी पाठवायला हवं. अहवाल यायला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, पैसेही जास्त. त्यामुळे विडाल चालते. सुईणीच्या मण्यांनी खरंखुरं मोजमाप केलं. विडालने बऱ्याचदा मोजल्याचा आभास दिला.

याची किंमत टायफॉईडच्याच खऱ्या रुग्णाला मोजावी लागते. एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिनने टायफॉईड झटक्यात बरा व्हायचा. आता भारतात त्या गटातल्या औषधांवर भिस्त ठेवता येत नाही. पाकिस्तानात सिंध प्रांतात 2016 पासून टायफॉईडचा असा वाण पसरला, की त्यावर तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन हेच एक नेहमीचं औषध उरलं. सर्दीसाठी वाटेल तिथे उधळली जाणारी गोळी ती हीच. दुसऱ्या बाजूने, टायफॉईड म्हणून कित्येक दिवस सेफिक्झिम चालू राहतं आणि आजार स्क्रब टायफस निघतो. विदर्भात 2018 मध्ये त्याची साथ आली होती. गवतातल्या बारीक कीटकाच्या चाव्याने होणारा हा ताप; अंगावर कुठेतरी, अनेकदा काखेत नाहीतर जांघेत, सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग असू शकतो. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, आणि ते वेळेत मिळालं तर रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतो. सेफिक्झिमचा त्यावर काही परिणाम नाही. शेतात, बांधावर काम करणाऱ्याचा ताप पाच दिवसांवर गेला तर कपडे काढून अंग तपासणं कुठल्याही लॅबइतकंच गरजेचं आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असते. 2016 मध्ये केंद्राने ती ओळखण्याची मोहीमही काढली. सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची औषधं मार्च 2014 पासून 'एच-1' या यादीत आहेत: विकताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध, नग वेगळ्या रजिस्टरला लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठी आणि फार्मासिस्ट या दोन गोष्टींचा आग्रह धरला गेला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. केरळने 2024 मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने छापे घालायला सुरुवात केली. पण नुसत्या छाप्यांनी गावाचं भागत नाही. जिथे डॉक्टर संध्याकाळी निघून जातो तिथे मेडिकलवालाच डॉक्टर होतो, आणि त्याला गुन्हेगार ठरवून रात्रीच्या तापाचा प्रश्न सुटत नाही. त्यापेक्षा जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पाठवलेलं पत्र मला जास्त कामाचं वाटतं: अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे चिठ्ठीवर लिहा. एवढी एक ओळ लिहावी लागली तर पुष्कळ चिठ्ठ्या आपोआप बदलतील. पेशंटलाही विचारता येईल, 'डॉक्टरसाहेब, यातली अँटिबायोटिकची कोणती, आणि ती कशावर?' विचारायला हरकत काहीच नाही.

समजा निर्णय बरोबर झाला, औषध खरंच हवं आहे. मग गोळी घरात आल्यावरची धांदल सुरू होते, आणि इथे तपशिलाला महत्त्व आहे.

'सहाशे पंचवीस' ही गोळी सगळ्यांना माहीत असते. ती पाचशेच्या पुढची पावर, असा सर्रास समज. प्रत्यक्षात त्यात अमॉक्सिसिलिन 500 च असतं, वर 125 क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. काही जिवाणू अमॉक्सिसिलिन तोडणारा पदार्थ तयार करतात, त्याला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आवर घालतं. कुत्रा चावल्याची जखम, काही प्रकारचं सायनस किंवा कानाचं दुखणं, अशा ठिकाणी त्याची गरज असते. जिथे नुसतं अमॉक्सिसिलिन पुरतं तिथे ही जोडगोळी जास्त जुलाब देते, आणि क्वचित, विशेषतः वयस्कांत, औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही कावीळ. जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर पोट कमी बिघडतं. साधं अमॉक्सिसिलिन जेवणाआधी घ्या की नंतर, चालतं. मात्र ते शरीरातून लवकर निघून जातं, म्हणूनच आठ तासांनी द्यायचं असतं. दिवसातून तीन वेळा म्हणजे सकाळचा चहा, दुपारची भाकरी आणि सहा वाजताचा चहा असा हिशेब केला तर रात्रीचे तेरा-चौदा तास कोरडे जातात. शेवटची गोळी झोपताना घ्यावी.

मुलांच्या बाटलीत चुका जास्त होतात. ड्राय सिरपच्या बाटलीत तळाला पावडर असते आणि लेबलवर किंवा काचेवर बाणाची खूण. बाटली आधी ठोकून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून जोरात हलवायचं. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून परत हलवायचं. हे दुसऱ्यांदा पाणी घालणं राहून जातं आणि औषध ठरल्यापेक्षा दाट होतं. खुणेच्या वर पाणी गेलं तर पातळ. दर वेळी देण्याआधी हलवलं नाही, तर पहिल्या दिवशी पाणीच जातं आणि शेवटच्या दिवशी तळाचा गाळ. घरचा चहाचा चमचा वापरू नये. सोबत आलेलं झाकण किंवा सिरिंज वापरावी. लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर, बहुधा सात दिवसांनी, उरलेलं टाकून द्यायचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात पारा कुठे जातो ते सांगायला नको. फ्रीज नसेल तर बाटली माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी, आणि फ्रीजशिवाय चालणारी गोळीच मिळेल का हे डॉक्टरांना आधीच विचारावं. पाण्यात विरघळणारी गोळी गावासाठी किती तरी सोयीची. ती लिहिणारे मात्र कमी.

आणखी एक फसगत आकड्यांची. त्याच ब्रँडच्या सिरपवर 228.5 आणि 457 असे दोन आकडे असतात. पाच मिलिलिटरमध्ये दुसऱ्यात पहिल्याच्या दुप्पट औषध. चिठ्ठीवर एक आणि मेडिकलमध्ये 'तेच आहे हो, फोर्ट आहे' म्हणून दुसरं, तर पाच मिलिलिटर म्हणताच डोस दुप्पट होतो. मुलाचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. दोन भावंडांना एकाच बाटलीतून सारखं देऊ नये.

ॲलर्जीबद्दल जपून बोलायला हवं, कारण इथे घाबरटपणा आणि बेफिकिरी दोन्ही महागात पडतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली कुठलीही गोळी घेतल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, घसा आवळला, धाप लागली, चक्कर आली, तर ती गंभीर ॲलर्जी. गोळी थांबवायची आणि तडक रुग्णालय गाठायचं, वाट पाहायची नाही. तोंड आणि डोळे सोलवटून अंगावर फोड आले तर तेही तसंच तातडीचं. पण नुसती मळमळ, जुलाब किंवा 'गोळ्या उष्ण पडल्या' म्हणजे ॲलर्जी नव्हे. लहानपणी कधी पुरळ आलं म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना नीट तपासल्यावर ती नसते, असं परदेशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हा शिक्का विनाकारण बसला की आयुष्यभर जास्त महाग आणि जास्त हानिकारक औषधं वाट्याला येतात. म्हणून कोणत्या गोळीने, किती वेळात, नेमकं काय झालं, हे लिहून ठेवावं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावं.

किडनीचा आजार असेल, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल, तर अमॉक्सिसिलिनआधी सांगितलंच पाहिजे. गरोदरपणी अमॉक्सिसिलिन साधारणपणे सुरक्षित मानतात. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन शक्यतो टाळतात. अझिथ्रोमायसिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये तसा इशारा दिला, म्हणून हृदयविकाराच्या रुग्णाने ते आपल्या मनाने घेऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही, आणि टाचेमागची शीर दुखू लागली तर ते थांबवून डॉक्टरांना गाठायचं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्याने उन्हात कातडी भाजते. कापूस वेचणाऱ्या बाईला ते देताना हे सांगितलं नाही, तर आठवड्याने ती 'ॲलर्जी आली' म्हणूनच परत येईल.

कोर्सच्या लांबीबद्दल विज्ञान बदललंय. 2017 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये काही तज्ज्ञांनी उघडच लिहिलं, की कोर्स अर्धवट सोडल्याने जिवाणू निर्ढावतात या समजाला फारसा आधार नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्यानेच तो धोका वाढतो. त्याआधी 2004 मध्ये भारतातल्या रुग्णालयांत 2,188 मुलांवर झालेल्या चाचणीत सौम्य न्यूमोनियाला तीन दिवसांचं अमॉक्सिसिलिन पाच दिवसांइतकंच लागू पडलं. पण याचा अर्थ बरं वाटलं की बंद, असा नाही. टीबीची औषधं महिनोन्‌महिने, स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीत दहा दिवस, टायफॉईडमध्ये ताप उतरल्यानंतरही काही दिवस घ्यावी लागतात. तिथे आपल्या मनाने थांबणं घातक. किती दिवस घ्यायचं हे पहिल्याच दिवशी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं, आणि मध्ये थांबवावंसं वाटलं तर फोन करून विचारावं. गोळ्या उरल्याच तर पुढच्या वेळेसाठी डब्यात जपून ठेवायच्या नाहीत.

एवढा वेळ जास्त वापराचं बोललो. पण त्याच गावात, कधीकधी त्याच घरात, औषध न मिळाल्याने त्रास काढणारीही माणसं असतात, आणि त्यांत बायका जास्त. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, लघवीला जळजळ हे वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. 1989 साली गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायकांच्या तपासणीचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये आला: 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. पाचोडमध्येच डॉ. अशोक दयालचंद यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था गेली कित्येक वर्षं किशोरवयीन आणि लवकर लग्न झालेल्या मुलींच्या आरोग्यावर काम करते आहे; आजार सांगायला कुणी हवं, आणि सांगितल्यावर उपचारापर्यंत नेणारं कुणी हवं, या दोन्ही गोष्टी अशा कामातूनच घडतात. या आजारांतही तेच: आधी तपासणी, कारण प्रत्येक पांढऱ्या पाण्याला अँटिबायोटिक लागत नाही. आणि लागलंच, आजार संबंधांतून आलेला असला, तर नवऱ्यालाही उपचार हवा. तो न घेता बायकोच्या गोळ्या तीन-तीनदा बदलत बसण्यात अर्थ नाही.

आता ती चौथी वाट. शेतकऱ्याला 'स्ट्रेप्टो' वेगळं सांगावं लागत नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण, सहा ग्रॅमची पुडी, पंपात कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत. कपाशीचा अणुजीवी करपा, डाळिंबाचा तेल्या, लिंबाचा खैऱ्या, सगळ्यांवर वर्षानुवर्षं तेच सुचवलं गेलं. पिंपरीत 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने देशाला पेनिसिलिन दिलं, आणि हे शेतीचं मिश्रणही बनवलं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचंही औषध. पानांवर फवारलेलं औषध मातीत, विहिरीत उतरतं. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने आदेश काढला: 1 फेब्रुवारी 2022 पासून या मिश्रणाची आयात आणि निर्मिती बंद, 1 जानेवारी 2024 पासून शेतीतला वापरही पूर्ण बंद. कुठल्या दुकानात जुनी पुडी अजून मिळाली तरी ती बेकायदा आहे. कोंबड्या आणि जनावरांना वाढीसाठी खाद्यातून दिलं जाणारं कोलिस्टिन जुलै 2019 मध्ये बंद झालं. माणसावर सगळी औषधं हरल्यावर वापरायचं ते शेवटचं हत्यार. गोठ्यात मात्र गायीला दगडी झाली की सडात ट्यूब सोडली जाते आणि दूध दुसऱ्या दिवशीच डेअरीला जातं. ट्यूबवर किती दिवस दूध काढून टाकायचं ते छापलेलं असतं. तेवढे दिवस ते ना वासराला पाजायचं, ना घरात वापरायचं.

एका अंदाजानुसार 2019 साली भारतात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे सुमारे 2 लाख 97 हजार माणसं दगावली. नवी अँटिबायोटिकं फार हळू येतात. त्यामुळे औषधाची गरजच कमी पडेल असं जे काही आहे ते आधी वापरावं, आणि त्यात लस सगळ्यात पुढे. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना टायफॉईडची नवी लस मोहीम काढून दिली. सरकारी पातळीवर असं करणारी जगातली ती पहिली मोहीम. न्यूमोकॉकल लस, म्हणजे पीसीव्ही, 2021 पासून देशभर मोफत मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. गडचिरोलीच्या सुईणींनी ज्या न्यूमोनियासाठी मणी सरकवले, त्याच्या प्रमुख कारणांपैकी एकाविरुद्ध ही लस आहे. बाळाच्या लसीकरण कार्डावर तिच्यासाठी तीन रकाने असतात. तिसरा रिकामा दिसला, तर गावातल्या पुढच्या लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन एएनएम ताईंना दाखवावं.